वेर्ण्याचा पाऊस आणि श्टुटगार्टची क्लिप

गोव्यातल्या फोंड्याहून इथे जर्मनीत, श्टुटगार्टला येऊन मला चार वर्षे झाली, तरी आई फोनवर अजून विचारते, "तू तिथे नेमके करतोस तरी काय?" आज जरा सविस्तर सांगतो.

मी प्लास्टिकच्या भागांचे डिझाइन करतो. ड्रॉइंग श्टुटगार्टमध्ये बनते आणि भाग आपल्या गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. दोन्हीकडची टीम एकाच सर्व्हरवरचे त्रिमितीय मॉडेल बघते. मी सकाळी भागाच्या भिंतीची जाडी बदलली की वेर्ण्यात ती लगेच दिसते. याचा फायदा खरोखर मोठा आहे. "या कोपऱ्यात माल (वितळलेले प्लास्टिक) भरणार नाही" हे साच्याचे पोलाद कापण्याआधी कळले, तर माउसच्या चार क्लिकमध्ये काम होते. कापल्यानंतर कळले, तर तीच दुरुस्ती आठवडेच्या आठवडे खाते.

तरीही गेल्या जुलैत आम्ही तीन आठवडे अडकलो, एका नखाएवढ्या क्लिपवर.

नायलॉनचे झाकण, त्याला चार क्लिपा. वेर्ण्यात जोडणीची चाचणी झाली, एकही क्लिप तुटली नाही. तसेच नमुने विमानाने इथे आले आणि आमच्या टेबलावर दहापैकी चार झाकणांच्या क्लिपा कडकन मोडल्या. रोज व्हिडिओ मीटिंग. आम्ही मोडलेल्या क्लिपांचे फोटो स्क्रीनवर लावायचो, ते मापांचा रिपोर्ट लावायचे. मापे टॉलरन्समध्ये, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत होती. चॅटमध्ये दोनशेच्या वर मेसेज साठले. हळूहळू दोन्हीकडच्या बोलण्यात संशय येऊ लागला, आणि त्याचा मला फार त्रास झाला, कारण दोन्हीकडची माणसे माझीच होती.

त्या मीटिंगमध्ये एक माणूस कधीच नसायचा. वेर्ण्यात मोल्डिंग मशीन, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात भरणारे मशीन, लावून देणारे आमचे सेटर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मीटिंग इंग्रजीत, आणि आमच्या साडेनऊला. उन्हाळ्यात घड्याळातला फरक साडेतीन तासांचा, म्हणजे वेर्ण्यात दुपारचा एक, ऐन जेवणाची सुट्टी. अण्णांना बोलवावे, हे इतके दिवस मलाही सुचले नाही.

शेवटी एका शनिवारी मी त्यांना सरळ व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल लावला, मराठीत. "अण्णा, भाग साच्यातून निघाल्यापासून काय काय होते, ते मला नुसते दाखवा." त्यांनी फोन हातात धरून शॉप फ्लोअर फिरवला. पत्र्यावर पाऊस इतका कोसळत होता की अर्धे बोलणे ऐकू येईना. रॅकवर उघड्या ट्रेमध्ये झाकणे पडली होती. "ही पंधरा दिवसांपूर्वीची. जोडणी यांचीच केली." मग पॅकिंगचे टेबल. "आणि तुमची ही. मशीनवरून काढली की गरम असतानाच पिशवीत, सिलिका जेल टाकून सील. परदेशी माल ना, ओल लागू नये म्हणून." क्षणभर थांबून तेच म्हणाले, "अरे, पण नायलॉनला ओल लागायला हवी रे."

तिथेच गाठ सुटली. मोल्डिंगआधी नायलॉनचे दाणे ड्रायरमध्ये सुकवतात, म्हणून साच्यातून निघालेला भाग कोरडा ठणठणीत आणि ठिसूळ असतो. मग तो हवेतले पाणी ओढतो आणि चिवट होतो. साधे नायलॉन ६६ निम्म्या आर्द्रतेच्या हवेत वजनाच्या सुमारे २.५ टक्के पाणी घेते, पूर्ण भिजले तर सुमारे ८.५ टक्के. गोव्याच्या जुलैत उघड्या रॅकवरची झाकणे आपोआप मुरली होती. आमची मात्र जपून बंद केली होती, म्हणूनच मोडली. मला हे पुस्तकातून ठाऊक होते. पण स्क्रीनवरचे मॉडेल आकार दाखवते; भाग पंधरा दिवस कुठे पडून होता, हे त्यात कुठेच नसते.

विमानांच्या धंद्यातले एक उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. २००६ साली एअरबसच्या ए३८० विमानाचे वेळापत्रक कोलमडले. फ्रान्स आणि जर्मनीतल्या टीम एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर काम करत होत्या आणि हॅम्बुर्गहून आलेल्या वायरिंगचा मेळ तुलूझमध्ये बसेना. आमचे सॉफ्टवेअर तर एकच होते. आमच्याकडे तुटले होते ते मशीनपासून मीटिंगपर्यंतचे शेवटचे पन्नास पावलांचे अंतर.

अण्णांनी दुसऱ्याच दिवशी काही झाकणे गरम पाण्यात ठेवून मग पाठवली. एकही मोडली नाही. पण हा निर्णय चॅटमध्येच राहिला असता, तर पुढच्या लॉटला पुन्हा तेच घडले असते. म्हणून मी हट्टाने ड्रॉइंगचे नवे रिव्हिजन काढले आणि त्यात ओळ घातली: भाग ओलाव्यात मुरवूनच क्लिपची चाचणी करावी.

मीटिंग आता आमच्या सातला असते, वेर्ण्यात साडेदहाला. अण्णा मशीनजवळूनच फोनवर येतात, मराठीत बोलतात, मी इकडे इंग्रजीत सांगतो. चवथीला ते आठ दिवस गावी होते, तेव्हा नव्या भागाची चाचणी मी पुढे ढकलायला लावली. साहेबांनी कारण विचारले. मी सांगितले, ट्रे दाखवणारा माणूस सुट्टीवर आहे.