नोकरीत असताना का बोलला नाहीत?

‘मॅडम, एवढी वर्षे उद्यान विभागात होतात, तेव्हा झाडांसाठी का बोलला नाहीत? आणि आता दर रविवारी पहार घेऊन फुकट का राबता?’ रंकाळ्यावर फिरायला येणारे ओळखीचे लोक, रविवारी झाडांची निगा राखणाऱ्या आमच्या गटातील मुले, लग्नात भेटणारे पाहुणे, सगळे हेच विचारतात. आजवर मी विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा नीट लिहिते.

मी बोललेच नाही, हे खरे नाही. अरुंद रस्त्यांच्या कडेला गुलमोहर लावू नये, त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि मुळे उथळ जातात, असे मी अनेकदा लेखी कळवले. ५ जूनच्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमासाठी कोरड्या खड्ड्यात रोपे लावण्यापेक्षा पाऊस नीट लागेपर्यंत थांबावे, असेही दरवर्षी सांगितले. काही वेळा ऐकले गेले, बहुतेक वेळा नाही. परंतु तुमचा प्रश्न मला झोंबतो तो या पत्रांमुळे नाही.

एका उद्यानात पर्जन्यवृक्षाचे जुने झाड होते, आपण सगळे ज्याला रेन ट्री म्हणतो ते. त्याच्या पश्चिमेला, खोडापासून जेमतेम चार हातांवर, चालण्याच्या मार्गासाठी दोन फूट खोल चर खणायचा होता. झाडाची अन्नपाणी घेणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांतच पसरलेली असतात. शिवाय आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि तंबूला जसा वाऱ्याच्या बाजूचा दोर धरून ठेवतो, तशी त्या बाजूची मुळे झाडाला धरून ठेवतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होते. आमच्या माळीमामांना पुस्तकावाचून ठाऊक होते. आखणी चालू असताना ते म्हणाले, ‘मॅडम, ह्या अंगाची मुळी तोडली तर झाड पावसात उभं ऱ्हायचं न्हाई.’

मार्च संपत आला होता आणि निधी परत जाईल अशी घाई होती. प्रस्तावावर मी शेरा लिहिला : ‘काम करताना मुळांना शक्यतो इजा होणार नाही याची दक्षता घ्यावी.’ या रेषेवरून चर खणू नये, एवढे पाच शब्द लिहिणे माझ्या अधिकारात होते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाडाला कोणत्याही प्रकारे हानी पोहोचवणेही येते, हेही मला माहीत होते. तरी मी ‘शक्यतो’ लिहिले आणि फाइल पुढे सरकली.

जुलैतल्या एका रात्री झाड पूर्वेकडे आडवे झाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सकाळी मी गेले, तेव्हा उपटलेल्या गड्ड्याच्या पश्चिम बाजूला मनगटाएवढ्या मुळांची टोके एका ओळीत, सरळ कापलेली दिसत होती. माळीमामा खोऱ्याने पाने ओढत होते आणि माझ्याकडे पाहत नव्हते. अहवालात वादळी पावसाने झाड पडल्याची नोंद झाली. त्याखालीही माझी सही आहे.

आता आम्ही रीतसर परवानगी काढून खोडांना भिडलेले पेव्हिंग ब्लॉक उचलतो, माती मोकळी करतो, आळी करतो आणि मे महिन्यात पाणी घालतो. खोडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी सांगितले होते. तेवढीच जागा आम्ही मागतो. मुळाजवळ पोचल्यावर मी मुलांच्या हातातील पहार काढून घेते आणि खुरपे देते. हे प्रायश्चित्त आहे का, असे काही जण विचारतात. मला तो शब्द मान्य नाही, कारण करंज किंवा ताम्हणाच्या बुंध्याभोवती माती मोकळी केल्याने तो पर्जन्यवृक्ष उभा राहत नाही.

त्या खुर्चीत बसलेल्या मला मी अनेकदा बजावते की, तू तेव्हा काम अडवायला हवे होतेस. ती म्हणते, अडवले असते तर माझी बदली झाली असती आणि नवीन माणसाने ‘शक्यतो’सुद्धा लिहिले नसते; तुझे आता काही जाण्यासारखे उरलेले नाही, म्हणून तू बोलतेस. ती नुसती सबब सांगते आहे, असे मला काही रविवारी वाटते, आणि काही रविवारी तिचे म्हणणे मला खोडता येत नाही.