पृथ्वीहून म्हातारा दाणा

सोमवारी सकाळी दगडांचं वय मोजणाऱ्या मशीनच्या पडद्यावर ०.७१ उमटला आणि आमची पीएचडीची मुलगी ओरडलीच, "सर, पावणेपाच अब्ज वर्षं!" पृथ्वी साडेचार अब्जांची. म्हणजे झारखंड-ओडिशातल्या सिंगभूमच्या ग्रॅनाइटमधला हा झिरकॉन नावाच्या खनिजाचा दाणा पृथ्वीच्या आधी जन्मला म्हणायचा. अपेक्षा होती ०.२७ ची, म्हणजे ३.३ अब्जांची.

झिरकॉन घडताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेतच नाही. पुढे युरेनियम-२३८ चा हळूहळू ऱ्हास होऊन शिसं-२०६ होतं, २३५ चं २०७ (आकडे म्हणजे अणूंचं वजन). दोन्हींचा वेग वेगळा, त्यामुळे नुसतं २०७ भागिले २०६ केलं तरी वय निघतं. पडद्यावरचा ०.७१ म्हणजे हेच गुणोत्तर. टोपलीभर दगड कुटून, चाळून, जड द्रवात बुडवून हाती चिमूटभर दाणे लागतात. त्यातला केसाच्या जाडीएवढा एकेक दाणा चिमट्याने वेचायचा, टेफ्लॉनच्या कुपीत हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकून दोन दिवस २१० अंशांवर ठेवायचा. दाणा विरघळला की संपला, त्याला दुसरी संधी नाही. बाहेरून येणारं शिसं आम्ही १ पिकोग्रॅमच्या आत ठेवतो. मिरवायचंच तर याच आकड्यावर मिरवतो.

मी तिला २०४ कडे बघायला सांगितलं. शिसं-२०४ कशाच्याही ऱ्हासातून बनत नाही, म्हणून दाण्यात ते दिसलं की पाहुणा आलाय हे नक्की. इथे पाहुणे नव्हते, वऱ्हाड होतं. तिचा चेहरा पडला. आपल्या रोजच्या शिशाचं गुणोत्तर ०.८६ च्या आसपास असतं. त्याला भाबडेपणाने वय विचारलं तर ते पाच अब्ज सांगतं. आमच्या दाण्यात पाऊण हिस्सा तेच होतं.

पृथ्वीचे सुरुवातीचे दगड वितळून गेले, म्हणून क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली उल्कांमधल्या शिशावरून ४.५५ अब्ज हा आकडा काढला. त्याआधी त्याची कित्येक वर्षं प्रयोगशाळेतलं शिसं हाकलण्यात गेली. विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगतो. ऐकताना सगळे माना डोलावतात आणि गाऊन न घालता दार उघडतात.

गाऊन बघायला गेलो तर तिच्याच गाऊनच्या बाहीवर मोहरीएवढा शेंदरी ठिपका. गाऊन धुऊन टांगायचं काम मामांचं. मामा दर शनिवारी मारुतीला जाऊन येतात, कपाळावर ठसठशीत शेंदूर. आणि जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. हिशेब केला: दाण्यात घुसलेलं शिसं साधारण ३ नॅनोग्रॅम. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढा एक कण पुरे.

साहेबांनी दुपारीच दारावर इंग्रजीत नोटीस लावली. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. हवा गाळणाऱ्या फिल्टरची मुदत कधीच संपलीय, त्याची फाइल खरेदी विभागात फिरतेय, त्याबद्दल नोटीस नाही. फिल्टरपेक्षा मामा स्वस्त.

रविवारी गुपचूप मामांच्या पुडीतली चिमूट मशीनवर लावली. शिसं भरपूर, गुणोत्तर ०.८६. पण रस्त्यावरची धूळही त्याच्या आगेमागेच असते, त्यामुळे आरोपी सापडला असं छातीठोक म्हणता येईना. धुळीतून एवढं शिसं यायला मात्र डोळ्यांना दिसेल इतकी धूळ लागली असती, आणि कुपी स्वच्छ होती. माझा कल शेंदराकडेच आहे.

एक गोष्ट मात्र अजून डोक्यातून जात नाही. कण थोडा लहान असता तर आकडा ४.२ अब्ज आला असता. ओडिशातल्या चंपुआजवळचे तेवढे जुने झिरकॉन २०१८ साली प्रसिद्ध झालेत, म्हणजे अशक्य वाटला नसता. तेव्हा मी २०४ कडे आधी बघितलं असतं, की पेढे आणायला सांगितले असते?

मामांना मी मराठीत समजावलं. "शिसं? शेंदरात?" एवढंच म्हणाले. आता शनिवारी ते बाहेरच्या नळावर कपाळ धुऊन मगच आत येतात. कानामागे थोडा राहतोच.