तुर्कूच्या फोरीत एक, दोन, तीन

फिनलंडमध्ये हेलसिंकीहून गाडीने दोन तासांत तुर्कूला पोचले. उतरायचं स्टेशन डब्यात दोन नावांनी पुकारलं: तुर्कू, मग ओबू. शहर एकच. फिनिश बोलणाऱ्यांचं तुर्कू, स्वीडिश बोलणाऱ्यांचं ओबू.

मी बेळगावची. पाटीवरची भाषा आमच्याकडे दुखरा विषय, त्यामुळे कुठेही गेले तरी नजर आधी पाटीवर जाते. इथे वर 'लिन्नानकातु', खाली 'स्लॉट्सगातान'; दोन्हींचा अर्थ किल्ल्याचा रस्ता. दुधाच्या खोक्यावरसुद्धा 'माइतो' आणि 'म्यॉल्क'. स्वीडिश मातृभाषेचे लोक शहरात शंभरात पाच-सहाच. पण कायद्याने अल्पसंख्य भाषेची माणसं ८ टक्के किंवा ३००० भरली, की गाव द्विभाषिक. माणसं मोजून हक्क देता येतो, काढून घ्यायला मोजायची गरज नाही, हे मला तिथे फार लागलं.

किल्ला, कॅथीड्रल, मार्केट हॉल एका दिवसात उरकले. लक्षात राहिली ती फोरी.

आउरा नदीवरची ही छोटीशी पिवळी-केशरी फेरी १९०४ पासून माणसांना आणि सायकलींना या काठावरून त्या काठावर नेते. तिकीट नाही. वारा मात्र असा, की मे महिन्यातही मी शाल कानावरून घेतली. माझ्या शेजारी एक आजी, जावई आणि चार-पाच वर्षांची नात. नात डेकवरच्या सायकली मोजत होती. आजीकडे बघून "एत, त्वो, त्रे". मग वडिलांकडे मान वळवून, त्याच सायकली पहिल्यापासून, "युक्सी, काक्सी, कोल्मे". मध्ये अडखळणं नाही, कुणी 'आता या भाषेत सांग' म्हटलेलं नाही. ज्याची जी भाषा, त्याला त्या भाषेत.

माझ्या पोटात कालवलं. आमच्या गल्लीत आई भाजीवालीशी कन्नडमध्ये घासाघीस करायची आणि पिशवी माझ्या हातात देताना मराठीत हिशेब सांगायची. आम्हा पोरांना त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. स्वीडिशचं 'त्रे' आपल्या 'तीन'च्या गोतातलं, फिनिश पार वेगळ्या कुळातली, मराठी-कन्नडचंही तसंच.

आजींनी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे कसं मोजतात? मी म्हटलं, "एक, दोन, तीन." आणि न विचारताच पुढे, "ओंदु, एरडु, मूरु."

'मूरु' ऐकून पोर खदखदून हसली आणि आजीच्या कोटाला बिलगून ओरडली, "मुर्मुर!" आईच्या आईला त्यांच्यात तसंच म्हणतात.

फेरी काठाला लागली, ती तिघं उतरली. मी उतरलेच नाही, परत पलीकडे गेले.