एसी बंद, टेप बंद

"एसी बंद करा, टेप बंद करा. आन् तुमीबी जरा गप उभं ऱ्हावा."

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडत मला सुनावलं. हातात बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर नाही, हातभर रबरी पाइप. एक टोक कानाला, दुसरं इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या, कडेनं हळूहळू फिरवत होते. एका जागी थांबले आणि पाइप माझ्या कानाला लावला.

स्स्स्स...

तिथल्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या, नळीला वाकणाजवळ नखाएवढी चीर. त्यांनी ती बोटानं दाबली, आणि इतके दिवस वरखाली होणारं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं फिरणं, क्षणात जागेवर!

याआधी दुसरीकडं स्कॅनरवर पी ०१७१ कोड आला होता. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. तिथं थेट ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा पार्ट, बदलायला सांगितलं. अहो, सेन्सर बिचारा खरं तेच बोलत होता! चिरेतून आत शिरलेली हवा कुणी मोजलीच नव्हती.

"सायलेन्सरच्या लायनीचंबी बघू काय?" मी विचारलं.

"उद्या सकाळी गार गाडी आणा. तापल्यावर लोखंड फुगतंय, फट दबती, टकटक ऐकू येत न्हाई. गार असतानाच साबणाचं पाणी मारून बुडबुडं बघायचं. सेन्सरच्या अलीकडं गळत आसंल तर भायेरची हवा आत वढली जाती. कोड परत त्योच येतोय."

कोड वाचून पार्ट बदलणारे आता गल्लोगल्ली आहेत. कानानं गाडी तपासणारा तुमच्याकडं कोण उरलाय का?