आमची वाटचाल : मस्कीगनच्या जुन्या पाइनसोबत

अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावरील मस्कीगन या शहरात आमची सुतारकामाची छोटी कार्यशाळा आहे. पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांतील व गोदामांतील पांढऱ्या पाइनच्या (एका सूचिपर्णी वृक्षाच्या) तुळया आणि फळ्या आम्ही विकत घेतो, त्यांतील खिळे काढून रंधा मारतो आणि त्यांपासून टेबले, कपाटे व दारे तयार करतो. मी मूळचा चिपळूणचा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील नोकरी सोडून पत्नीच्या साथीने मी या व्यवसायात उतरलो. हे लाकूड आले कुठून, असे ग्राहक नेहमी विचारतात आणि त्याचे उत्तर येथील जुने लाकूड व्यापारी चार्ल्स हॅकली यांच्या आयुष्यापर्यंत जाऊन पोहोचते, म्हणून आमच्या वाटचालीत त्यांना मानाचे स्थान आहे.

हॅकली यांचा जन्म १८३७ सालचा, इंडियाना राज्यातला. बालपण विस्कॉन्सिनमधील केनोशात गेले. १८५६ मध्ये ते शिडाच्या जहाजाने मस्कीगनला आले आणि एका सॉ मिलमध्ये, म्हणजे लाकूड कापण्याच्या गिरणीत, मजुरीवर राहिले. काम करता करता ते हिशेबनिशीही शिकले. १८५७ च्या मंदीत मालकांची पेढी कोलमडली, तेव्हा १८५९ मध्ये वडिलांसह आणखी एका भागीदाराला घेऊन त्यांनी स्वतःची पेढी उभी केली. पुढे १८८१ पासून, पूर्वी त्यांच्याकडे हिशेब लिहिणारे थॉमस ह्यूम यांच्या भागीदारीत ‘हॅकली अँड ह्यूम’ या नावाने कारभार चालला. ज्याने वह्या सांभाळल्या त्यालाच भागीदार करून घेणे, हा त्यांचा निर्णय मला व्यवसायाच्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो.

त्या काळी लाकूड हाती येण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय आमच्याकडील एकाही तुळईची खरी किंमत कळत नाही. तोड हिवाळ्यात चाले, कारण बर्फावरून घसरगाड्यांनी अवजड ओंडके नदीकाठी ओढून आणता येत. वसंतात बर्फ वितळून मस्कीगन नदीला पाणी आले की ते प्रवाहात सोडले जात. पांढरा पाइन हलका असल्याने सहज तरंगे. प्रत्येक ओंडक्याच्या टोकावर हातोड्याने मालकाची खूण उठवलेली असे आणि त्या खुणेवरून नदीच्या मुखाशी ज्याचा माल त्याला वेगळा करून दिला जाई. कापलेल्या फळ्या जहाजांनी सरोवरापलीकडे शिकागोला जात. १८७१ च्या भीषण आगीनंतर ते शहर पुन्हा उभे राहिले, त्यात मिशिगनच्या या लाकडाचा वाटा मोठा होता. मस्कीगनच्या तळ्याभोवती चाळीसहून अधिक गिरण्या होत्या आणि १८८७ या भरभराटीच्या वर्षी त्यांनी सुमारे ६६.५ कोटी बोर्ड फूट (एक बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद व एक इंच जाड फळी) लाकूड कापले.

ही जंगले ज्यांची होती, त्या ओडावा आणि ओजिब्वे या मूळनिवासी लोकांकडून हा प्रदेश १८३६ च्या वॉशिंग्टन कराराने अमेरिकी सरकारने घेतला होता. तोडीनंतर मागे उरलेल्या खुंटांच्या ओसाड माळांना वारंवार आगी लागल्या. आम्ही ज्या लाकडावर पोट भरतो त्याची ही बाजू ग्राहकाला सांगणे मी माझे कर्तव्य मानतो.

जंगल संपत आले, तसे अनेक लाकूड व्यापारी गिरण्या बंद करून पश्चिमेकडे किंवा दक्षिणेकडे निघून गेले. हॅकली यांनीही दक्षिणेकडील लुईझियाना आणि मिसिसिपी या राज्यांत जंगलांच्या जमिनी घेतल्या आणि त्यांची येथील गिरणी १८९४ मध्ये थांबली. मात्र त्यांनी मस्कीगन सोडले नाही. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण त्यांनी या शहराला जे दिले त्यात आहे. २५ मे १८८८ रोजी त्यांनी सार्वजनिक ग्रंथालयासाठी एक लाख डॉलर देण्याचे जाहीर केले आणि १८९० मध्ये ते उघडले. शहरात उद्यान झाले, रुग्णालय झाले, नवे कारखाने यावेत म्हणून त्यांनी पुढाकार घेतला. १९०५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेल्या निधीतून शहरासाठी चित्रे विकत घेतली गेली आणि १९१२ मध्ये कलादालन सुरू झाले.

या सर्वांत मला सर्वाधिक जवळची वाटते ती १८९७ मध्ये सुरू झालेली त्यांची हस्तकौशल्याची शाळा. गिरण्यांच्या कामावर वाढलेल्या गावातील मुलांना हत्यारे शास्त्रशुद्ध रीतीने वापरता यावीत, म्हणजे ओंडके संपले तरी त्यांच्या हाताला काम राहील, हा विचार मला आजही अतिशय दूरदृष्टीचा वाटतो. त्याच विचाराने आम्ही शिकाऊ मुलांना सुरुवातीपासून वेतन देतो आणि यंत्राआधी हातरंधा शिकवतो. जुन्या पाइनच्या रेषा इतक्या दाट आणि सरळ असतात की रंध्याचा कोन किंचित चुकला तरी हाताला लगेच जाणवते, त्यामुळे शिकण्यासाठी याहून चांगले लाकूड आमच्या पाहण्यात नाही. वेड्यावाकड्या, खिळ्यांनी छिद्र पडलेल्या ज्या फळ्या विक्रीच्या फर्निचरला चालत नाहीत, त्या आम्ही याच मुलांच्या सरावासाठी राखून ठेवतो.