वाई ते पोलादपूर : चढासाठी बदललेली कॅसेट आणि उतारात संपलेले ब्रेक पॅड

पुण्याहून सायकलने कोकणात उतरण्याच्या प्रवासातील ही दुसऱ्या दिवसाची नोंद आहे. डिसेंबरातील गारठ्यात सकाळी सव्वासहाला वाईतील कृष्णेचा घाट सोडला, तेव्हा ढोल्या गणपतीच्या देवळापाशी नुकतीच वर्दळ सुरू झाली होती. मुक्काम पोलादपूरला, म्हणजे सावित्रीच्या काठी ठरला होता. या दोन्ही नद्यांचे उगमस्थान क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात मानले जाते. पण कृष्णा पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते आणि सावित्री पश्चिमेला अरबी समुद्राकडे. एका नदीच्या काठावरून निघून दुसरीच्या काठी पोहोचायचे, म्हणजे मधला सह्याद्री ओलांडणे आलेच.

पसरणी गाव मागे पडले की घाट सुरू होतो. शाहीर साबळे यांचे हे जन्मगाव. वाई ते पाचगणी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर असून तेवढ्यात जवळपास पावणेसहाशे मीटर उंची गाठावी लागते. चढ सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास राहतो आणि कुठेही अचानक अंगावर येत नाही, त्यामुळे सामानासह घाट चढण्याचा सराव करणाऱ्यांसाठी मला हा रस्ता फार योग्य वाटतो. गेल्या वर्षी याच घाटात मी चार वेळा उतरून उभा राहिलो होतो. तेव्हा पुढची लहान चेनरिंग, म्हणजे पेडलजवळचे दातेरी चक्र, ३० दात्यांची आणि मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे होते. पावसाळ्यात मी मागे ३६ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरील दातेरी चक्रांचा संच) आणि तिला झेपेल असे लांब पिंजऱ्याचे डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) बसवून घेतले. आता पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६५ फेरे ठेवले तर ताशी सात किलोमीटरचा वेग मिळतो आणि श्वास बोलण्याइतका शाबूत राहतो. हा वेग चालण्यापेक्षा थोडाच अधिक आहे, हे खरे. परंतु एकदाही पाय न टेकता, डावी-उजवीकडे न झुलता, धोम धरणाचे पाणी हळूहळू खाली जाताना पाहत मी आठ वाजता पाचगणीत पोहोचलो. हा आनंद मी बराच काळ विसरणार नाही.

पाचगणी ते महाबळेश्वर हा टप्पा चढउताराचा आणि वाहनांच्या गर्दीचा आहे. स्ट्रॉबेरीचे वाफे, वेण्णा तलाव आणि महाबळेश्वरात पोटभर जेवण, एवढीच त्याची नोंद पुरे.

खरी परीक्षा त्यानंतर होती. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर असून पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीवर आहे. मधला आंबेनळी घाटाचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा आहे. तो आधी कोयनेच्या खोऱ्यात उतरतो आणि प्रतापगडाच्या पायथ्याजवळून पुढे सावित्रीच्या खोऱ्यात शिरतो. मी ७४ किलो आणि सामानासह सायकल २९ किलो, असे १०३ किलो वजन साडेबाराशे मीटर खाली उतरवायचे, तर त्यातून मोकळी होणारी ऊर्जा चार लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी असते. तिचा काही भाग हवेचा विरोध खातो आणि उरलेली जवळजवळ सगळी ब्रेकच्या वाट्याला येते. मेटतळ्यात चहा देणाऱ्या आजोबांनी सायकलकडे निरखून पाहून सांगितले होते, "बिरीक बघून घ्या दादा, म्होरं उतार लय हाय." मी ब्रेक दाबून पाहिले, ते लागले, आणि तेवढ्यावर समाधान मानले.

कुंभरोशी गावाच्या अलीकडे एका वळणावर मागच्या ब्रेकचा दांडा थेट मुठीला टेकला. करपल्यासारखा वास येत होता. पुढच्या ब्रेकवर सायकल सांभाळून रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतली, डिस्क, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला पकडतात ती चाकावरची धातूची तबकडी, निवेपर्यंत दहा मिनिटे थांबलो आणि मग ॲलन कीने पॅड बाहेर काढले. अस्तर एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरइतकेही शिल्लक नव्हते आणि उरलेल्या भागावर काचेसारखी चकाकी आली होती. तारेच्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी ते आपोआप पुढे सरकत नाहीत. त्यांना वेळोवेळी स्क्रूने आत घ्यावे लागते. ते मी घरून निघाल्यापासून केले नव्हते. शिवाय महाबळेश्वरपासून वेग वाढू नये म्हणून मागचा ब्रेक सतत हलका दाबून ठेवला होता, त्यामुळे डिस्कला निवायला उसंतच मिळाली नाही.

नवे पॅड पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला बाजूने लटकवलेल्या पिशवीच्या, तळाशी होते. सामान रस्त्याकडेला काढून ते बसवायला पाऊण तास गेला. नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत, म्हणून सपाट पट्ट्यावर वीसेक वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता दाबून, ते डिस्कवर बसू दिले. त्यापुढचा उतार वेगळ्या पद्धतीने केला: वळणापूर्वी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवायचा, वळणात ते सोडायचे आणि वळण संपल्यावर हवेलाच काम करू द्यायचे. दर पाच किलोमीटरला थांबून डिस्कजवळ हात नेऊन धग तपासली. प्रतापगडावर जाण्याचा बेत मात्र वेळेअभावी सोडावा लागला, याची रुखरुख आहे.

कापड्याच्या आसपास हवा दमट झाली. पाचच्या सुमारास पोलादपुरात सावित्रीच्या पुलावर पोहोचलो. रात्री मोजले तेव्हा नव्या पॅडचे अस्तर दोन्ही बाजूंना सारखे झिजलेले दिसले. सुटे पॅड आता हँडलबारच्या पिशवीत, सर्वांत वर ठेवले आहेत.