बॉडी कॉन्सर्टची, नेक टेनरची

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं दिसणारं चार तारांचं छोटं वाद्य, घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर?" आपणही एका शब्दात सांगून मोकळे होतो. पण त्या एका शब्दात दोन गोष्टी बांधून येतात, बॉडीचा म्हणजे पोकळ खोक्याचा आकार आणि नेकची म्हणजे दांडीची लांबी. मी त्या वेगळ्या करून बघायचं ठरवलं आणि मगच मला हवं ते सापडलं.

मला गाताना साथीला हवं होतं, तेही खाली मांडी घालून बसल्यावर. सोप्रानो सगळ्यात लहान आणि मूळचं. १८७९ मध्ये मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला आलेल्या पोर्तुगीज कारागिरांनी आपल्या गावाकडच्या छोट्या वाद्यावरून घडवलेलं. मोठे आकार विसाव्या शतकातले. सोप्रानोचा टणटणीत आवाज मला आवडतो, पण बोटांना जागा होईना. टेनरहूनही मोठं बॅरिटोन मी वाजवून पाहिलंच नाही. त्याच्या तारा गिटारच्या बारीक, उंच सुराच्या चार तारांसारख्या लावतात, मग गिटारच का नको?

दुकानात शिवणाची टेप घेऊन गेले. नटपासून (नेकच्या टोकाशी तारा टेकतात ती पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) मोजायचं आणि दुप्पट करायचं, की स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कळते. सोप्रानोचं साधारण साडेतेरा इंच, कॉन्सर्टचं पंधरा, टेनरचं सतरा. दुकानातला मुलगा आधी हसला, मग स्वतःच पुढचं वाद्य काढून देऊ लागला. साडेतीन इंचांनी काय होतं, असं वाटेल. दुसऱ्या फ्रेटला सोप्रानोवर सुमारे १८ मिलिमीटर जागा मिळते, टेनरवर २३. दहाव्या फ्रेटपाशी तर साडेअकरा आणि साडेचौदा, म्हणजे वर सरकून वाजवायचं असेल तर फरक चांगलाच जाणवतो.

मात्र डी कॉर्डला तीन बोटं एकाच फ्रेटमध्ये शेजारीशेजारी कोंबावी लागतात, तिथे लांब नेक फारशी कामाला येत नाही. तिथे नेकची रुंदी बघायची. नटपाशी ३५ मिलिमीटर आणि ३८ मिलिमीटर अशी दोन कॉन्सर्ट एकापाठोपाठ धरली. रुंद नेकवर ई तारेवरचं बोट शेजारच्या मोकळ्या ए तारेला लागेना. ही रुंदी दुकानात कुणी आपणहून सांगत नाही, विचारावी लागते.

लांब नेकची किंमतही असते. त्याच तारा त्याच सुरात लावल्या तर पंधराऐवजी सतरा इंचांवर ताण सव्वापटीहून थोडा जास्त येतो. पहिल्या फ्रेटवर बी फ्लॅट कॉर्डचा बार धरताना, म्हणजे एकाच बोटाने अनेक तारा दाबताना, ते तर्जनीला लगेच कळतं. पण मला तोच ताण हवा होता. माझी पट्टी काळी चार, म्हणजे जी शार्प. तारा नेहमीसारख्या लावल्या तर 'जी'ची (G) तार वरच्या सप्तकात असते आणि सगळ्यात खालचा सूर मधल्या सीचा, म्हणजे माझा सा वाद्यात खाली सापडतच नाही. लो-जीची, म्हणजे तोच जी खालच्या सप्तकात देणारी जाड तार लावली की पहिल्याच फ्रेटवर माझा सा येतो. ही तार छोट्या स्केलवर मला ढिली, भदभदलेली वाटली. सतरा इंचांवर ठणठणीत बोलली.

मग सरळ टेनरच का नाही? धरून पाहिलं. मांडी घालून बसल्यावर त्याची बॉडी उजव्या हाताखाली नीट दबेना, गाताना खांदा उचलला जाई. कॉन्सर्ट बॉडीला टेनरची नेक लावलेलं वाद्य मिळतं, त्याला सुपर कॉन्सर्ट म्हणतात. आमच्या गावात ते नव्हतं, मागवावं लागलं. लॅमिनेटेडच, म्हणजे पातळ थर चिकटवलेल्या लाकडाचं घेतलं, आमच्याकडच्या पावसाळ्यात सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचे लाड करायची माझी तयारी नाही.

एक खोड आहे. लांब नेक, तिच्या टोकाला धातूच्या खुंट्या, त्यामुळे हात सोडला की डोकं खाली जातं. बॉडीच्या बुडाला बटण बसवून पट्टा लावला, आता बरं आहे. पिशवीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही: कॉन्सर्टच्या पिशवीत नेक मावत नाही आणि टेनरच्या पिशवीत बॉडी हलते, म्हणून बाजूला जुना टॉवेल कोंबते.